एसओएफसी बटन सेल : ओसीव्ही (करंट न घेता मिळणारं व्होल्टेज) १.०१ वरच अडकलं आहे, आणि पीएचडीचा विषय कोणता धरावा?

मृत्तिका

नमस्कार. सॉलिड ऑक्साइड फ्युएल सेलवर (एसओएफसी : हायड्रोजन आणि हवेपासून थेट वीज करणारा, तापलेला सेरॅमिकचा सेल) पीएचडीचं पहिलं वर्ष चालू आहे. दोन प्रश्न एकत्रच विचारते, कारण दुसऱ्याचं उत्तर पहिल्यावर अवलंबून आहे असं वाटतं.

सेल असा बनवला : अॅनोडच्या (हायड्रोजनच्या बाजूच्या) आधारासाठी निकेल ऑक्साइड आणि ८ वायएसझेड (इट्रिया मिसळलेला झिर्कोनिया) वजनाने ६०:४०, त्यात १० टक्के मक्याचं स्टार्च, इथेनॉलमध्ये २४ तास बॉलमिल. २५ मिमीच्या डायमध्ये ०.८ मिमी जाडीची चकती दाबली, १००० अंशांना २ तास प्रीसिंटर (अर्धवट भाजणं). त्यावर वायएसझेडची स्लरी स्पिन कोटरने चार वेळा, मग १४०० ला ५ तास. एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) इलेक्ट्रोलाइट, म्हणजे ऑक्सिजन आयन वाहणारा हा मधला थर, १० मायक्रॉन दिसतो. त्यावर जीडीसीचा (गॅडोलिनियम मिसळलेल्या सिरियाचा, म्हणजे सेरियम ऑक्साइडचा) थर स्क्रीन प्रिंट करून १३०० ला २ तास, आणि शेवटी एलएससीएफ ६४२८ चा (लँथॅनम, स्ट्राँशियम, कोबाल्ट, लोह यांचं ऑक्साइड) ८ मिमी व्यासाचा कॅथोड, म्हणजे हवेकडचा इलेक्ट्रोड, १०७५ ला २ तास.

चाचणी : अॅल्युमिनाच्या नळीच्या तोंडावर सेरॅमिक सिमेंटने चिकटवला. दोन्ही बाजूंना चांदीची जाळी आणि पेस्ट, प्रत्येक बाजूला ०.२५ मिमीची एकेक चांदीची तार. गरम भागात तारेची लांबी साधारण ३० सेंमी. हायड्रोजन मिनिटाला ५० मिली, खोलीच्या तापमानाच्या बबलरमधून (पाण्यातून बुडबुडे काढून वायू दमट करणारी बाटली). कॅथोडला साधी हवा.

७५० अंशांना ओसीव्ही १.०१ व्होल्ट, कमाल पॉवर १८० मिलिवॅट प्रति चौ. सेंमी. इम्पिडन्समध्ये (वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीला मोजलेल्या रेझिस्टन्समध्ये) ओमिक (वहनाचा) ०.६२ आणि पोलरायझेशन (इलेक्ट्रोडवरच्या क्रियांचा) ०.८० ओम चौ. सेंमी. पाचपैकी दोन सेल रिडक्शनच्या वेळी (निकेल ऑक्साइडचं निकेल करताना) तडकले. सगळेच थोडे वाटीसारखे वळलेत, इलेक्ट्रोलाइटची बाजू आत.

दुसरा प्रश्न विषयाचा. गाईडनी तीन पर्याय दिलेत : (अ) कोबाल्ट असलेलं नवं पेरोव्स्काइट (एका ठराविक स्फटिकरचनेच्या ऑक्साइडचं) कॅथोड, (ब) प्रोटॉन वाहक इलेक्ट्रोलाइट, (क) एलएससीएफ कॅथोड दमट हवेत आणि स्टीलच्या सान्निध्यात किती टिकतो. पाच वर्षं यातल्या कशात घालावीत, आणि पुढे नोकरी कुठे?

---

भट्टी_१४००

विषयाचं इतर कोणी सांगतील, मी मोजमापाबद्दल लिहितो.

तुमचे आकडे आपसात जुळतात, ही चांगली खूण आहे. आय-व्ही (करंट-व्होल्टेज) रेषा सरळ धरली तर कमाल पॉवर म्हणजे ओसीव्हीचा वर्ग भागिले एकूण रेझिस्टन्सची चौपट. १.०१ चा वर्ग १.०२, त्याला ४ × १.४२ ने भागलं की ०.१८ वॅट. इम्पिडन्स आणि आय-व्ही एकच गोष्ट सांगताहेत. हा पडताळा प्रत्येक सेलला करत जा. ज्या दिवशी जुळणार नाही, त्या दिवशी एरिया, तापमान किंवा वायरिंग यांपैकी काहीतरी चुकलेलं असेल.

ओसीव्ही. ७५० अंशांना ३ टक्के वाफ असलेला हायड्रोजन एकीकडे आणि हवा दुसरीकडे असेल तर नर्न्स्टच्या समीकरणाने (वायूंच्या प्रमाणावरून व्होल्टेज काढणारं) १.११ व्होल्ट यायला हवेत. तुम्ही १०० मिलिव्होल्ट खाली आहात. तेच समीकरण उलटं वापरा : १.०१ व्होल्ट म्हणजे अॅनोडपाशी सुमारे २३ टक्के वाफ. ही वाफ आली कुठून, हा खरा प्रश्न.

पहिला संशयित बबलर. 'खोलीच्या तापमानाला ३ टक्के' हे वाक्य पेपरांमध्ये सर्रास असतं, पण ते २५ अंशांच्या खोलीपुरतंच खरं आहे. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात वातानुकूलन नसलेल्या प्रयोगशाळेत पाणी ३८ अंशांवर असेल तर वाफ ६.५ टक्के होते आणि ओसीव्ही गळती नसतानाही १.०७ वर येतं. बबलरमध्ये थर्मामीटर ठेवा आणि आकडा वहीत लिहा. जमलं तर बबलर २५ अंशांच्या वॉटर बाथमध्ये बुडवा. बबलर खोलीपेक्षा गार असला तर पुढच्या नळीत पाणी साचत नाही, हा त्याचा आणखी एक फायदा.

उरलेले ६० मिलिव्होल्ट गळतीचे. हायड्रोजनचा प्रवाह ३० वरून १०० मिलीपर्यंत टप्प्याटप्प्याने वाढवा. ओसीव्ही प्रवाहाबरोबर चढत गेलं तर हवा आत शिरते आहे, आणि प्रवाह वाढला की तिचा वाटा पातळ होतो आहे. नळीच्या बाहेर जाणारा वायूही साबणाच्या फुग्याच्या फ्लोमीटरने मोजा, ५० आत आणि ४१ बाहेर असं दिसलं की सील गेलं आहे. करंट चालू असताना मोजाल तर एक अँपिअर मिनिटाला सुमारे ७ मिली हायड्रोजन खातो आणि तेवढीच वाफ बनवतो. ती वाफ थंड होऊन फ्लोमीटरच्या आधीच पाणी होते, म्हणून ही चाचणी ओसीव्हीलाच करा.

सील आणि भोकं वेगळी ओळखायची असतील तर चिकटवण्याआधी इलेक्ट्रोलाइटवर इथेनॉलमध्ये विरघळवलेल्या लाल शाईचा थेंब टाका आणि मिनिटभराने पुसा. जिथे सूक्ष्म भोक आहे तिथे लाल ठिपका राहतो. दहापट लेन्सखाली पाहा. ठिपका असलेला सेल चाचणीला लावूच नका, आठवडा वाचतो.

ओमिक. इथे मोठी गोष्ट हातातून निसटते आहे. १० मायक्रॉनचा ८ वायएसझेड, ७५० अंशांना कंडक्टिव्हिटी ०.०२५ सीमेन्स प्रति सेंमीच्या आसपास धरली, तर रेझिस्टन्स ०.०४ ओम चौ. सेंमी. तुम्ही मोजलंत ०.६२. हे इलेक्ट्रोलाइटचं नाही.

चांदीच्या तारेचा हिशोब करा. ७५० अंशांना चांदीची रेझिस्टिव्हिटी खोलीच्या तापमानाच्या चौपट होते. ०.२५ मिमीची ३० सेंमी तार म्हणजे ०.४ ओम. दोन्ही बाजूंच्या मिळून ०.८ ओम. तुमच्या कॅथोडचं क्षेत्रफळ ०.५ चौ. सेंमी, म्हणजे एरियाने गुणल्यावर ०.४ ओम चौ. सेंमी नुसत्या तारांचे. ०.६२ मधून ते काढले की ०.२ उरतात. प्रत्येक बाजूला दोन तारा घ्या, एक करंटची आणि एक व्होल्टेजची, आणि त्या जाळीवरच वेगवेगळ्या ठिकाणी जोडा. जाळीपासून दहा सेंमी अंतरावर एका तारेला दुसरी गुंडाळली तर मधल्या दहा सेंमीचा रेझिस्टन्स तसाच राहतो. चौघी तारा भट्टीबाहेर जोडीजोडीने पीळ देऊन आणा, म्हणजे उच्च फ्रिक्वेन्सीला इंडक्टन्सची शेपटी लांबत नाही.

ओसीव्ही आणि तारा, एवढ्या दोन दुरुस्त्यांनी, सेलमध्ये काहीही न बदलता, पॉवर १८० वरून २८० पर्यंत जाईल. नवं कॅथोड बनवून 'सुधारणा' म्हणून जे दाखवलं जातं, त्यातलं कितीतरी असल्याच ठिकाणी लपलेलं असतं. याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्या पेपरवर भरवसा ठेवून पुढचा विद्यार्थी दोन वर्षं घालवतो.

पोलरायझेशनचे ०.८० कुणाचे हे एका स्पेक्ट्रमवरून सांगता येत नाही. तीन स्पेक्ट्रम घ्या : एक आहे तसा, दुसरा कॅथोडला हवेऐवजी ऑक्सिजन देऊन, तिसरा हायड्रोजनमध्ये नायट्रोजन मिसळून. ऑक्सिजन दिल्यावर जी कमान बसते ती कॅथोडची, हायड्रोजन पातळ केल्यावर जी फुगते ती अॅनोडमधल्या वायूच्या वहनाची. अॅम्प्लिट्यूड १० मिलिव्होल्ट, १ मेगाहर्ट्झपासून ०.१ हर्ट्झपर्यंत, एका दशकाला दहा बिंदू. आधी क्रामर्स-क्रोनिग चाचणी (डेटा विश्वासार्ह आहे का हे तपासणारी), मगच डीआरटी (स्पेक्ट्रममधल्या क्रिया त्यांच्या वेगानुसार वेगळ्या करणारं गणित). जर्मनीतल्या कार्ल्सरूच्या गटाने या दोन्हींसाठी जी पद्धत बसवली आहे ती शिकून घ्या, पाचही वर्षं कामाला येईल. नापास डेटावर डीआरटी चालवलं तर शिखरं येतातच, फक्त ती खोटी असतात.

---

खलबत्ता

वळण्याबद्दल आणि तडकण्याबद्दल.

इलेक्ट्रोलाइटची बाजू आत वळली, म्हणजे इलेक्ट्रोलाइट आधारापेक्षा जास्त आकसला. चकती दाबलेली असल्यामुळे तिची कच्ची घनता जास्त, त्यात १००० च्या प्रीसिंटरमध्ये थोडं आकसणं आधीच होऊन गेलं. प्रीसिंटर ९०० वर आणा, म्हणजे आधाराकडे आकसायला जागा शिल्लक राहील. उलट बाजूला वळू लागला तर ९५० करा. डायलॅटोमीटर (तापवताना लांबीतला बदल मोजणारं यंत्र) उपलब्ध असेल तर आधार आणि इलेक्ट्रोलाइट दोन्हींचे आकसण्याचे आलेख एकावर एक ठेवून पाहा, शेवटचा एकूण टक्काच नव्हे तर आकसणं सुरू कुठे होतं हेही जुळायला हवं. राहिलेलं वळण काढायला १३५० ला सपाट झिर्कोनियाच्या प्लेटखाली, चौ. सेंमीला ५ ते १० ग्रॅम वजन ठेवून दोन तास. कॅथोड आणि जीडीसी लावण्याआधी.

स्टार्च जाळताना घाई नको. ६०० पर्यंत मिनिटाला १ अंश, ३०० ला एक तास थांबा. इथे घाई झाली की चकतीत आडवी फट पडते, वरून काहीच दिसत नाही आणि रिडक्शनला दोन पदर सुटतात. तुमच्या तडकलेल्या सेलचा काप आडवा असेल तर कारण हेच.

तडा किनाऱ्यापासून आत गेला असेल तर कारण वेगळं. वळलेला सेल सपाट नळीवर सिमेंटने पक्का जखडला की त्याला हलायला जागाच राहत नाही. सिमेंट आधी हवेत चार तास वाळू द्या, मग ९३ आणि २६० अंशांना दोन-दोन तास. ओलं सिमेंट थेट तापवलं तर आतली वाफ त्यातूनच वाट काढते, आणि तीच पुढे तुमच्या ६० मिलिव्होल्टची वाट होते.

रिडक्शन : ७५०-८०० पर्यंत नायट्रोजनमध्ये तापवा, मग ५ टक्के हायड्रोजन एक तास, २५ टक्के अर्धा तास, मग पूर्ण. निकेल ऑक्साइडचं निकेल होताना त्याचं घनफळ ४१ टक्क्यांनी घटतं. तुमच्या ६०:४० मिश्रणात नुसत्या रिडक्शनने २३-२४ टक्के सच्छिद्रता येते, स्टार्चची त्यावर वेगळी. रिडक्शन पूर्ण झालं का हे वजनावरून कळतं : निकेल ऑक्साइड आपल्या वजनाच्या २१.४ टक्के ऑक्सिजन सोडतो, म्हणून तुमच्या आधाराचं वजन १२.९ टक्क्यांनी घटायला हवं. ११ टक्केच घटलं असेल तर आत हिरवा गाभा शिल्लक आहे, चकती मोडून पाहा, डोळ्यांनी दिसतो.

मक्याच्या स्टार्चचे कण १५ मायक्रॉनच्या आसपास असतात, बटाट्याचे त्याहून बरेच मोठे, तांदळाचे ५ च्या घरात. आधाराला मक्याचं चालेल, पण आधार आणि इलेक्ट्रोलाइट यांच्यामध्ये स्टार्च नसलेला, बारीक पावडरीचा १०-१५ मायक्रॉनचा अॅनोड थर घाला. विद्युतरासायनिक क्रिया इलेक्ट्रोलाइटपासून दहाएक मायक्रॉनच्या आतच घडते, तिथे मोठी छिद्रं असणं म्हणजे कामाची जागा रिकामी सोडणं. शिवाय इलेक्ट्रोलाइटच्या स्लरीला खाली गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो आणि भोकं निम्म्याने कमी होतात.

जीडीसीबद्दल. १३०० अंश ही काठावरची जागा आहे. त्याच्यावर गेलात की जीडीसी आणि वायएसझेड एकमेकांत मिसळून कमी कंडक्टिव्हिटीचा थर बनतो. खाली राहिलात तर जीडीसी सच्छिद्र राहतो आणि कॅथोड भाजताना स्ट्राँशियम त्या छिद्रांतून वायएसझेडपर्यंत पोचून स्ट्राँशियम झिर्कोनेट करतो, जो जवळपास इन्सुलेटर आहे. तुमचे उरलेले ०.२ ओम चौ. सेंमी इथले असण्याची शक्यता मोठी. जीडीसीत १ ते २ मोल टक्के कोबाल्ट घालून १२०० च्या आसपास भाजून पाहा. मग कापावर ईडीएक्सची (कुठे कोणतं मूलद्रव्य आहे ते दाखवणारी) रेषा घ्या, स्ट्राँशियमचं शिखर जीडीसीच्या कुठल्या बाजूला आहे ते पाहा.

एक गोष्ट कुठल्याच पेपरात सापडणार नाही, पण आपल्याकडे तिच्याशिवाय भागत नाही : वीज. वीज जाते, मास फ्लो कंट्रोलर बंद पडतो, हायड्रोजन थांबतो, ७०० अंशांवरच्या निकेलला हवा लागते, आणि निकेलचं पुन्हा ऑक्साइड होताना घनफळ १.७ पट होतं. इलेक्ट्रोलाइट तिथेच फाटतो. उपाय स्वस्त आहे. नायट्रोजनमधल्या ५ टक्के हायड्रोजनच्या सिलिंडरवर असा सोलेनॉइड व्हॉल्व्ह लावा जो वीज गेल्यावर आपोआप उघडतो, आणि शुद्ध हायड्रोजनच्या लाइनवर असा जो वीज गेल्यावर बंद होतो. पहिल्याच्या पुढे सुईचा व्हॉल्व्ह मिनिटाला ५० मिलीवर कायमचा लावून ठेवा. भट्टी थंड व्हायला दहा तास लागले तरी ३० लिटर वायू जाईल, ७ घनमीटरच्या सिलिंडरला ते काहीच नाही. बाहेर जाणारी नळी खिडकीबाहेर, डिटेक्टर छताजवळ, रेग्युलेटरवर फ्लॅशबॅक अरेस्टर. हायड्रोजन हवेत ४ टक्क्यांपासून पेटतो. आणि निकेल ऑक्साइडची पावडर चाळताना, खलताना कापडी मास्क चालत नाही, तो पदार्थ कॅन्सरकारक म्हणून नोंदलेला आहे. एन९५ आणि फ्यूम हूड, प्रत्येक वेळी.

---

मृत्तिका

दोघांचेही मनापासून आभार. आज लगेच जे पाहता आलं ते लिहिते. बबलरचं पाणी दुपारी ३८ अंश होतं. तडे दोन्ही किनाऱ्यापासून आत गेलेत, आडवे नाहीत. लाल शाईत उरलेल्या तीनपैकी दोन सेलवर ठिपके दिसले, एकावर तर सात. वायएसझेडच्या बाटलीवर '८% वायएसझेड, थर्मल स्प्रे ग्रेड, १५ ते ४५ मायक्रॉन' असं छापलं आहे. मी ती ७२ तास मिल करून घेतली होती.

---

ऑक्सिजन_रिक्ती

विषयाबद्दल. माझं मत (क), आणि का ते सविस्तर लिहिते.

नवी संयुगं शोधण्याचा मार्ग मोहक आहे, आणि त्यात यश मिळालं तरी पुढे काय होतं याचं ठसठशीत उदाहरण बीएससीएफचं. बेरियम, स्ट्राँशियम, कोबाल्ट, लोह असलेलं हे कॅथोड २००४ मध्ये 'नेचर'मध्ये आलं. ६०० अंशांना चौ. सेंमीला एक वॅटच्या घरातली पॉवर, तीही जीडीसीसारख्याच सिरियाच्या इलेक्ट्रोलाइटवर. हजारो लोकांनी त्यावर काम केलं. पण हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने बेरियमचं कार्बोनेट होतं, उष्णतेने प्रसरण पावण्याचा गुणांक इलेक्ट्रोलाइटच्या दीडपटीहून जास्त, आणि कारखान्यांत आजही एलएसएम (लँथॅनम, स्ट्राँशियम, मँगनीज यांचं ऑक्साइड) आणि एलएससीएफच वापरात आहेत. शोध खरा होता, मोजमापही खरं होतं. फक्त ४० हजार तास टिकण्याचा प्रश्न वेगळाच आहे, आणि या क्षेत्रात पैसा त्याच प्रश्नाला लागला आहे.

कोबाल्ट वाढवलं की हा गुणांक चढतो हे आधीच ध्यानात ठेवा. वायएसझेड सुमारे १०.५, जीडीसी १२ ते १३, एलएसएम ११ ते १२, एलएससीएफ १५ ते १७, आणि लोह काढून सगळं कोबाल्ट केलं की २० च्या वर (सगळे × १०⁻⁶ प्रति अंश). पर्याय (अ) घेतलात तर पहिल्याच महिन्यात डायलॅटोमीटर लावा, पॉवर मोजण्याआधी.

(ब) मला विज्ञान म्हणून फार आवडतो. पण बेरियम झिर्कोनेट भाजायला १५०० च्या आसपास जावं लागतं, बेरियम उडून जातं म्हणून सेल त्याच पावडरीत पुरून भाजावा लागतो, आणि हवेच्या बाजूला इलेक्ट्रॉन-होलची गळती होत असल्याने ओसीव्ही मुळातच कमी येतं. म्हणजे सीलची गळती, वाफेचा फरक आणि होलची गळती हे तिन्ही वेगळे करता आल्याशिवाय तिथे एकही आकडा बोलत नाही. आधी वायएसझेडवर १.१ व्होल्ट आणून दाखवणारा सेल बनवा, मग तिकडे जायचा विचार करा.

आता (क) एका भट्टीवर कसं बसतं ते. वर्षाचे ८७६० तास. भट्टी सत्तर टक्के वेळ चालली असं धरा, ६००० तास. एक चाचणी ५०० तासांची, म्हणजे २१ दिवस. वर्षाला बारा चाचण्या, आणि एका नळीऐवजी चार नमुने बसणारी जिग केलीत तर अठ्ठेचाळीस नमुने. पूर्ण सेल लागत नाही. जीडीसीच्या घट्ट चकतीच्या दोन्ही बाजूंना एलएससीएफ लावलेला सममित सेल पुरतो, हायड्रोजन नको, सील नको, वीज गेली तरी सेल फाटत नाही. कॅथोडचा एएसआर म्हणजे मोजलेला पोलरायझेशन रेझिस्टन्स गुणिले क्षेत्रफळ भागिले दोन. भागिले दोन विसरू नका.

चार नमुन्यांची मांडणी अशी : कोरडी हवा स्टीलशिवाय, ३ टक्के दमट हवा स्टीलशिवाय, कोरडी हवा फेरिटिक स्टीलच्या पट्टीसह, दमट हवा स्टीलसह. कोरड्या आणि दमट हवेला वेगळ्या नळ्या लागतील. स्टीलमधलं क्रोमियम हवेत वायुरूपात निघतं, वाफ असेल तर ऑक्सिहायड्रॉक्साइड होऊन कितीतरी जास्त. एलएसएमवर ते इलेक्ट्रोलाइटच्या सीमेपाशी साचतं, एलएससीएफवर पृष्ठभागावर आलेल्या स्ट्राँशियमशी जुळून स्ट्राँशियम क्रोमेट करतं. नमुना थंड झाल्यावर कडेला पिवळसर छटा दिसली तर तीच. रोज एक स्पेक्ट्रम, शेवटी काप आणि ईडीएक्स, पृष्ठभागाला एक्सपीएस (पृष्ठभागाचं रासायनिक विश्लेषण). पाचवी मांडणी मँगनीज-कोबाल्ट स्पिनेलचा लेप दिलेल्या स्टीलची. महाराष्ट्राच्या पावसाळ्यात किनारपट्टीवर बाहेरची हवा कोरडी करण्यासाठी सिलिका जेल पुरत नाही, ते दोन दिवसांत भरतं, म्हणून कोरड्या नमुन्याला सिलिंडरची सिंथेटिक हवाच द्या. नाहीतर तुलनाच उरत नाही.

आणि या चाचण्यांत चांदी वापरू नका. ७५० अंशांना चांदी हळूहळू उडते, कॅथोडमध्ये शिरते आणि स्वतःच ऑक्सिजनची क्रिया सुधारते. कॅथोड खराब होत असताना आलेख सपाट दिसतो. सोन्याची जाळी महाग आहे, पण परत परत वापरता येते, आणि वितळवून पैसेही परत मिळतात.

टिकाऊपणाचा आवाका कळावा म्हणून सांगते : जर्मनीतल्या युलिश संशोधन केंद्राने २००७ च्या ऑगस्टमध्ये ७०० अंशांवर सुरू केलेला छोटा स्टॅक (एकावर एक रचलेल्या सेलचा संच) अकरा वर्षांहून जास्त चालला. तुमच्या पाच वर्षांत ते करता येणार नाही. पण कशाने आणि कुठे बिघडतं हे सांगणारे ५०० तासांचे अठ्ठेचाळीस नमुने, प्रत्येक मांडणीचे किमान तीन-तीन, एवढं ज्याच्याकडे असेल त्याचा प्रबंध कुठल्याही देशात वाचला जाईल.

नोकरीचं. जेआरएफची (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) मासिक रक्कम जानेवारी २०२३ पासून ३७ हजार आणि एसआरएफची (सीनियर) ४२ हजार, तेव्हा पाच वर्षांचं गणित तुम्ही घातलंच असेल. देशात या विषयावरची जुनी जागा म्हणजे कोलकात्याची सीजीसीआरआय (काच आणि सेरॅमिकची केंद्रीय संशोधन संस्था), शिवाय मुंबईचं बीएआरसी आणि काही आयआयटी. बाहेर युलिश, ड्रेस्डेनचं फ्राउनहोफर आयकेटीएस, डेन्मार्कचं डीटीयू, लंडनचं इम्पीरियल, जपानचं क्यूशू. कंपन्यांत अमेरिकेतली ब्लूम, इंग्लंडमधली सेरेस, डेन्मार्कची टॉप्सो, एस्टोनियाची एल्कोजेन, जपानची क्योसेरा. मुलाखतीत 'नवं काय शोधलं' याच्याइतकंच 'शंभर सेल केले तर किती सपाट निघतील' हे विचारलं जातं. म्हणून दाबलेल्या चकत्यांवर पाच वर्षं काढू नका. दुसऱ्या वर्षी टेप कास्टिंग (स्लरी ब्लेडने पसरवून पातळ पट्टा करणं) शिका : डिस्पर्संटसह २४ तास मिल, मग पीव्हीबी (कण बांधून ठेवणारं पॉलिमर) आणि प्लास्टिसायझर घालून आणखी २४ तास, व्हॅक्यूममध्ये बुडबुडे काढणं, ब्लेडची फट आणि वाळलेली जाडी यांचं नातं स्वतः मोजून काढणं. प्रत्येक बॅचची व्हिस्कॉसिटी, जाडी, निघालेले आणि टाकून दिलेले तुकडे यांची नोंद ठेवा. ती वही तुमच्या पेपरांइतकीच कामाची आहे.

हीच कला उलट्या दिशेलाही चालते. वाफेपासून हायड्रोजन करणारा सॉलिड ऑक्साइड इलेक्ट्रोलायझर म्हणजे हाच सेल, व्होल्टेज १.२९ च्या आसपास. आपल्याकडे जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला १९,७४४ कोटी आहेत, आणि उच्च तापमानाचं इलेक्ट्रोलिसिस जाणणारी माणसं देशात मोजकी आहेत. मंगळावर एप्रिल २०२१ मध्ये कार्बन डायऑक्साइडपासून ऑक्सिजन काढणारं मॉक्सी हे यंत्रही ८०० अंशांवर चालणारा झिर्कोनियाचा सेलच होता, सगळा मिळून १२२ ग्रॅम ऑक्सिजन निघाला. ब्लूमचे के. आर. श्रीधर त्याआधी अॅरिझोना विद्यापीठात मंगळासाठी अशाच सेलवर काम करत होते, तिथून ते फ्युएल सेलकडे वळले. आणि एसओएफसी सोडावं लागलंच तरी गाडीचे लॅम्डा सेन्सर, टर्बाइनचे लेप, बहुथरी कपॅसिटर, सॉलिड-स्टेट बॅटरीचे गार्नेट इलेक्ट्रोलाइट, सगळीकडे हेच टेप, हेच सिंटरिंग, हाच इम्पिडन्स लागतो.

---

भट्टी_१४००

@मृत्तिका, बाटलीवरच्या त्या ओळीने बराच उलगडा झाला.

थर्मल स्प्रेवाले '८ वायएसझेड' म्हणतात ते वजनाने ८ टक्के इट्रिया. आपण फ्युएल सेलमध्ये म्हणतो ते ८ मोल टक्के, म्हणजे वजनाने १३.७ टक्के. तुमची पावडर मोलच्या हिशोबाने ४.५ टक्के आहे. कंडक्टिव्हिटी कमी, पण थर १० मायक्रॉनचाच असल्यामुळे त्याने ओमिकमध्ये फार फरक पडणार नाही. खरा त्रास कणांचा आहे. १५ ते ४५ मायक्रॉनचा कण ७२ तास मिल केला तरी काही मोठे तुकडे उरतातच, आणि १० मायक्रॉनच्या थरात ५ मायक्रॉनचा एक तुकडा राहिला की त्याच्याभोवतीची पावडर त्याच्यापासून दूर आकसते. तुमचे लाल ठिपके तिथेच आहेत. एक ठिपका एसईएमखाली धरा, मधोमध तुकडा दिसेल.

इलेक्ट्रोलाइटसाठी ८ मोल टक्क्यांची, सब-मायक्रॉन कणांची सिंटरिंगची पावडर मागवा. तोसोहच्या टीझेड-८वाय आणि टीझेड-८वायएस यांपैकी स्लरीला दुसरी सोपी जाते, तिचं पृष्ठफळ कमी असल्याने डिस्पर्संट कमी लागतं. मागणी आजच टाका, आयातीला महिने लागतात. बाटली आली की आधी एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना पाहणं) घ्या : ८ मोल टक्क्यांची क्युबिक दिसेल, ७४ अंशांच्या आसपासचं (४००) शिखर एकसंध असेल. तुमच्या आताच्या पावडरीत तिथे टेट्रागोनलची जोडी फुटलेली दिसेल.

आताची पावडर टाकू नका, अॅनोडच्या आधारात वापरा. इट्रिया कमी असलेला झिर्कोनिया तुटायला जास्त चिवट असतो, म्हणून काही ठिकाणी आधारात मुद्दाम ३ वायएसझेड घालतात. तुमचे तडे किनाऱ्यापासून सुरू होतात, त्याला याने मदतच होईल. चकतीची धार भाजण्याआधी बाराशेच्या पॉलिशपेपरने हलकेच मोडून घ्या.

बिनठिपक्याचा जो एक सेल उरला आहे, तो चार तारांनी आणि २५ अंशांच्या बबलरने लावा. ७५० ला १.०८ च्या वर गेला तर सील बरं आहे, नाही गेला तर पुढच्या सेलला आधी सीलकडेच बघा.